जा-गेली, गो-वेन्ट

अड्याळहून बोलते आहे. धानाचा रोवणा आटोपलाय, बांधीत पाणी उभं आहे, तेव्हा आज थोडा निवांत वेळ काढून ऐका. आजचा विषय नेहमीचा नाही. बचत नाही, कर्ज नाही, शेळीपालनही नाही. आज इंग्रजीतल्या त्या तीन रूपांबद्दल बोलायचं आहे, जी आपण शाळेत पाढ्यांसारखी म्हटली होती. गो, वेन्ट, गॉन.

विषय मी निवडलेला नाही. ग्रामसंघाची बैठक संपली, सतरंजी गोळा करत होतो, तेव्हा एक ताई म्हणाली, "मॅडम, पैशाचं तर तुम्ही दर वेळेस सांगता. एक वेळ त्या गो-वेन्टचं सांगा ना." सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर कोणी उठलं नाही, म्हणून मी विचारलं, का गं, तुला कशाला पाहिजे? ती म्हणाली, पोरगी सहावीत आहे. आधी गृहपाठ घेऊन जवळ बसायची. एकदा तिनं विचारलं की 'आय डिड नॉट वेन्ट' याला बाईंनी लाल रेघ का मारली. मला सांगता आलं नाही. आता ती विचारतच नाही. म्हणते, राहू दे आई, तुला नाही समजत.

ही ताई गटाची सचिव आहे. पाच वर्षांचा हिशोब एका रुपयाचाही फरक न येता ठेवते. बँकेत साहेबासमोर बोलताना घाबरत नाही. आणि घरात सहावीतली पोरगी तिला म्हणते, तुला नाही समजत. ते लाल रेघेचं उत्तर आज आपण शोधू.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आपल्यातल्या बहुतेकींना ते पाचवीत भेटलं. कोणी सातवीत शाळा सोडली, कोणी दहावीत. म्हणजे लेकरांचं इंग्रजी आपल्या आधी सुरू होतं आणि आपलं तिथंच थांबलेलं असतं. पण या एका बाबतीत तुम्ही समजता तितक्या मागे नाही आहात.

आधी साधी गोष्ट. इंग्रजीत काम होऊन गेलं हे सांगायचं तर बहुतेक क्रियापदांच्या शेवटी 'ड' किंवा 'ट' असा आवाज लागतो. सेव्ह म्हणजे वाचवणं, सेव्ह्ड म्हणजे वाचवलं. वॉक, वॉक्ड. कुक, कुक्ड. वाँट, वाँटेड. ही झाली नियमित क्रियापदं, बैठकीला वेळेवर येणाऱ्या बायांसारखी. काही क्रियापदं मात्र नियम पाळत नाहीत. गोचं गोड होत नाही, वेन्ट होतं. बायचं बाय्ड होत नाही, बॉट होतं. यांना अनियमित म्हणतात. गटात अनियमित बाईला आपण दंड लावतो. इथं उलटं आहे, ती अनियमित आणि दंड आपल्याला.

आता मराठीकडे या. बस, बसला. चाल, चालला. बोल, बोलला. नियम सोपा, मागे 'ला' लावा. मग याच नियमानं जा चं काय व्हायला पाहिजे? जाला. कर चं करला. दे चं देला. खा चं खाला. असं कोणी म्हणतं का? आपण म्हणतो गेला, केला, दिला, खाल्ला. ये चं आला, हो चं झाला, घे चं घेतला, मर चं मेला, धू चं धुतला. ही सगळी मराठीतली अनियमित क्रियापदं आहेत. शाळेत कोणी ती पाठ करायला लावली नाहीत, तरी एकीचीही चूक होत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीचं व्याकरण छापलं ते १८३६ साली. त्याच्या कित्येक शतकं आधी मुक्ताबाई, जनाबाई 'केलं' आणि 'गेलं' बरोबरच म्हणत होत्या.

चूक कोण करतं? अडीच-तीन वर्षांचं लेकरू. घरात लहान असेल तर कान देऊन ऐका. ते म्हणतं, "मी करलं." आपण हसतो. पण त्या लेकरानं काय केलं ते बघा. 'करलं' हा शब्द त्यानं कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बसला, पडला, चालला ऐकून त्यानं नियम स्वतः शोधून काढला आणि तो कर ला लावला. इंग्रजी घरातलं लेकरूही असंच 'गोड' म्हणतं, वेन्टच्या जागी. अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली लहान मुलांना चित्रं दाखवून, कुठल्याच भाषेत नसलेले बनावट शब्द सांगून पाहिलं होतं. मुलांनी त्या बनावट शब्दांनाही नियमाप्रमाणे शेपूट लावून दाखवलं. म्हणून तुमची पोरगी 'कॅच्ड' किंवा 'टीच्ड' म्हणाली, तर ती मूर्ख आहे असं समजू नका. नियम तिला कळला आहे, फक्त या शब्दाला तो लागत नाही एवढं कळायचं राहिलं आहे.

आता जा आणि गेला यांत 'ज' कुठं आणि 'ग' कुठं? हे दोन शब्द मुळात दोन वेगळ्या घरचे आहेत. संस्कृतात जाण्यासाठी एक धातू 'या', याति. त्यावरून आपलं 'जा' आलं. दुसरा धातू 'गम्', त्याचं गत. त्यावरून आपलं 'गेला' आलं. दोन घरच्या दोन जणी एकाच चुलीवर आल्या आणि एकीनं आजचं काम घेतलं, दुसरीनं कालचं. इंग्रजीत नेमकं हेच झालं आहे. गो हा एक शब्द, आणि वेन्ट हे 'वेन्ड' नावाच्या दुसऱ्याच शब्दाचं भूतकाळाचं रूप. वेन्ड म्हणजे वाट चालणं. तो स्वतः आता बोलण्यात फारसा उरला नाही, पण त्याचं वेन्ट मात्र गोच्या घरात कायमचं राहायला आलं. आपलं हो आणि झाला हेही असंच. हो आलं 'भू' पासून, झाला आलं 'जात' पासून, जात म्हणजे जन्मलेला.

इंग्रजीत सगळ्यांत जास्त वापरली जाणारी जी क्रियापदं, म्हणजे असणं, करणं, म्हणणं, जाणं, येणं, घेणं, पाहणं, ती सगळीच्या सगळी अनियमित आहेत. मराठीची यादीही बघा, तीच कामं. जो शब्द रोज तोंडात असतो त्याचं जुनं रूप झिजून जात नाही, कारण प्रत्येक लेकरू ते रोज ऐकतं. जो शब्द नवा येतो तो नियमात बसतो. क्लिक, क्लिक्ड. फोन, फोन्ड. म्हणून यादी मोठी दिसली तरी घाबरू नका. पुस्तकांच्या मागे शंभर-दीडशे क्रियापदांचा तक्ता असतो, पण घरादाराच्या बोलण्याला तीस-चाळीस पुरतात.

एक गोष्ट तर इंग्रजीत आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण म्हणतो तो गेला, ती गेली, ते गेलं, आम्ही गेलो, त्या गेल्या. काम करणारं कोण, बाई की बुवा, एक की अनेक, सगळं पाहून शेवट बदलतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच, वेन्ट. ही वेन्ट, शी वेन्ट, वी वेन्ट, दे वेन्ट. फक्त वॉज आणि वेअर एवढी एक जोडी सांभाळायची. जी बाई गेला-गेली-गेलं-गेले-गेल्या न अडखळता बोलते, तिला वेन्ट जड का जावं?

जड जातं, कारण आपण ते तक्त्यातून शिकलो, वाक्यातून शिकलो नाही. गो-वेन्ट-गॉन एका दमात म्हणता येतं, पण वाक्यात कोणतं ठेवायचं हे कळत नाही. म्हणून मी आमच्या गटात तक्ता बाजूला ठेवून पंचसूत्री घेतली. पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. हे पाचही आपण मागच्या महिन्यात केलं, असं इंग्रजीत सांगा. बैठक घेतली: वी हेल्ड अ मीटिंग. होल्डचं हेल्ड. बचत केली: वी सेव्ह्ड मनी. हे नियमित. कर्ज दिलं: वी गेव्ह हर अ लोन. गिव्हचं गेव्ह. तिनं परतफेड केली: शी पेड इट बॅक. पेचं पेड. सचिवानं हिशोब लिहिला: शी रोट द अकाउंट्स. राईटचं रोट. पाचातली चार अनियमित निघाली! सगळी सूत्रं नियमित आणि क्रियापदं अनियमित, म्हणून बाया खूप हसल्या. पण त्या दिवसापासून हेल्ड, गेव्ह, पेड, रोट कोणी विसरलं नाही.

कर्जावरून आठवलं. उसनं देणं ते लेंड, उसनं घेणं ते बॉरो. लेंडचं लेंट होतं, बॉरोचं साधं बॉरोड. देणारी अनियमित, घेणारी नियमित. गटात असं नसावं म्हणजे झालं.

बाकीच्या शब्दांचेही गोतावळे आहेत. एकेक सुटा शब्द पाठ करू नका, गोतावळ्यानं घ्या, जात्यावरच्या ओवीसारखे एका चालीत. एक गोतावळा अजिबात न बदलणारा. कट-कट-कट, पुट-पुट-पुट, शट-शट-शट, कॉस्ट-कॉस्ट-कॉस्ट. आय कट द व्हेजिटेबल्स, यात रोज चिरते की काल चिरली, हे फक्त पुढच्या-मागच्या बोलण्यावरून कळतं. यातलंच एक गमतीचं रीड. लिहायला तिन्ही सारखं, पण पहिलं रीड म्हणायचं आणि पुढची दोन रेड.

दुसरा गोतावळा 'ऑट' चा. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट, थिंक-थॉट. यात बॉट आणि ब्रॉटची गल्लत फार होते. बॉट म्हणजे विकत घेतलं, ब्रॉट म्हणजे आणलं. खूण सोपी: ब्रिंगमध्ये 'ब्र' आहे, ब्रॉटमध्येही 'ब्र' आहे. आय बॉट बँगल्स इन पवनी ॲन्ड ब्रॉट देम होम. बांगड्या पवनीत घेतल्या आणि घरी आणल्या.

तिसरा गोतावळा स्वर बदलणारा: ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, बिगिन-बिगॅन-बिगन. इ, ॲ, अ, एवढं तोंडात बसलं की झालं. फक्त ही चाल भलत्या शब्दाला लावू नका. ब्रिंगचं ब्रँग होत नाही, थिंकचं थँक होत नाही.

मग येतात ज्यांची तिन्ही रूपं वेगळी आणि तिसऱ्याच्या शेवटी 'न'. गिव्ह-गेव्ह-गिव्हन, टेक-टुक-टेकन, राईट-रोट-रिटन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, नो-न्यू-नोन, सी-सॉ-सीन, डू-डिड-डन. आणि एक लहानसं कुटुंब मला फार आवडतं: कम-केम-कम, रन-रॅन-रन, बिकम-बिकेम-बिकम. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच. दिवाळीला माहेरी परतल्यासारखं.

लर्न्ट की लर्न्ड, बर्न्ट की बर्न्ड, असं एका शिक्षिकेनं मला विचारलं होतं. दोन्ही चालतात. अमेरिकेतले लोक गेट-गॉट-गॉटन म्हणतात, आपल्या पुस्तकांत गेट-गॉट-गॉट असतं. ज्यावर परीक्षेत गुण आहेत ते, म्हणजे पुस्तकातलं, धरून चाला.

आता त्या लाल रेघेकडे येऊ. 'आय डिड नॉट वेन्ट' हे चूक का?

मराठीत आपण म्हणतो, मी भंडाऱ्याला गेले. नाही म्हणायचं तर, मी भंडाऱ्याला गेले नाही. 'गेले' तसंच राहिलं, मागे 'नाही' आलं. प्रश्न विचारायचा तर, तू भंडाऱ्याला गेलीस का? इथंही 'गेलीस' तसंच. म्हणजे मराठीत हो, नाही आणि का, तिन्हींत भूतकाळाचं रूप टिकतं. आपल्या मनात गेले म्हणजे वेन्ट हे बसलेलं असतं, म्हणून पोरगी गेले नाही म्हणायला वेन्ट ठेवते. तिची चूक मराठीच्या सवयीतून आलेली आहे.

इंग्रजीत नाही म्हणताना आणि विचारताना मध्ये डिड येतं. डिड हेच भूतकाळाचं रूप आहे. नळावरून भरलेला हंडा डिडनं डोक्यावर घेतला, मग मागची मोकळ्या हातानं चालते. तिनं वेन्ट व्हायचं कारण नाही, ती साधी गो राहते. आय डिडन्ट गो. डिड यू गो? आणि हो म्हणताना डिड निघून गेला की हंडा पुन्हा तिच्याच डोक्यावर: येस, आय वेन्ट. हे तीन वाक्यं एकत्र म्हणा, दहा वेळा म्हणा. डिड यू गो? नो, आय डिडन्ट गो. येस, आय वेन्ट. मग शब्द बदला. डिड शी पे? नो, शी डिडन्ट पे. येस, शी पेड. डिड यू ब्रिंग द पासबुक? येस, आय ब्रॉट इट. विल, कॅन आणि टू यांच्यामागेही साधं पहिलंच रूप येतं: आय विल गिव्ह, शी कॅन राईट, आय वाँट टू गो.

दुसरी लाल रेघ 'हॅव' ची. 'आय हॅव वेन्ट', 'शी हॅज रोट', 'आय हॅव गेव्ह'. याचंही मूळ मराठीतच सापडतं. मी अर्ज लिहिला. मी अर्ज लिहिला आहे. दोन्हीकडे 'लिहिला' एकच. आपल्याला वाटतं, लिहिला म्हणजे रोट, मग लिहिला आहे म्हणजे हॅव रोट. पण इंग्रजीनं या दोन कामांना दोन वेगळी रूपं ठेवली आहेत. लिहिला हे रोट, लिहिला आहे हे हॅव रिटन. दुसरं रूप एकटं चालतं. तिसरं रूप एकटं घराबाहेर पडत नाही. आपण बाया पडतो, ते पडत नाही. त्याला सोबत लागते, हॅव, हॅज, हॅड किंवा इज, वॉज यांची. म्हणून 'आय सीन', 'आय डन' लिहायचं नाही. आय सॉ, नाहीतर आय हॅव सीन. आय डिड, नाहीतर आय हॅव डन.

मग कोणतं निवडायचं? मी बायांना एक खूण सांगते. आधी मराठीत वाक्य म्हणा. शेवटी 'आहे' आलं तर हॅव किंवा हॅज आणि तिसरं रूप. तिनं पैसे दिले आहेत, शी हॅज गिव्हन द मनी. 'होतं' आलं तर हॅड आणि तिसरं रूप. काहीच आलं नाही तर नुसतं दुसरं रूप. तिनं पैसे दिले, शी गेव्ह द मनी. आणि वाक्यात काल, परवा, गेल्या सोमवारी असा गेलेला दिवस असेल तर हॅव घ्यायचं नाही. आय पेड येस्टरडे. 'आय हॅव पेड येस्टरडे' असं ऑफिसातले शिकलेले लोकही बोलतात, पण पेपरात गुण कापले जातात.

आणि चालू कामाचं रूप, आपण म्हणतो ना, मी लिहून रायली, ती जाऊन रायली, त्यात काही अनियमित नाहीच. रायटिंग, गोइंग, गिव्हिंग. सगळ्यांना सारखं 'इंग'. तिथं निर्धास्त राहा.

'जाऊन रायली' वरून एक सांगते. आपण 'सांगतलं' म्हणतो आणि पुण्याकडची पाहुणी 'सांगितलं' म्हणते. तिच्या कानाला आपलं चूक वाटतं. आपल्या झाडीपट्टीत ते चूक नाही, ती आपली बोली आहे. इंग्लंड-अमेरिकेतही घरात 'आय सीन', 'आय डन' बोलणारे पुष्कळ लोक आहेत, ती त्यांची बोली. शाळेत, अर्जात, मुलाखतीत मात्र पुस्तकी रूप मागतात. घरचं लुगडं आणि बाहेरचं लुगडं वेगळं असतं, तसं समजा. पोरीला रूप शिकवताना तिच्या बोलीला, किंवा तुमच्या बोलीला, कोणी कमी लेखत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

काही शब्द कानाला जवळचे आहेत, तिथं भले भले फसतात. फॉल म्हणजे पडणं, त्याचं फेल. फील म्हणजे वाटणं, त्याचं फेल्ट. फिल म्हणजे भरणं, ते नियमित, फिल्ड. मी फॉर्म भरला हे आय फिल्ड द फॉर्म. तिथं फेल लिहिलं तर फॉर्म पडला असं काहीतरी होईल. कोंबड्या पाळणाऱ्या गटांसाठी ले: ले म्हणजे ठेवणं, अंडं घालणं, ले-लेड-लेड. द हेन लेड ॲन एग. आडवं होणं, निजणं ते लाय, आणि त्याचं भूतकाळाचं रूप आहे ले. हो, तेच ले! हे मात्र फार वाईट केलंय इंग्रजीनं. आणि फाइंड म्हणजे सापडणं, त्याचं फाउंड. पण फाउंड हेच दुसरं क्रियापद आहे, स्थापन करणं, त्याचं फाउंडेड. आमचा गट २०१४ साली स्थापन झाला हे लिहिताना अवर ग्रुप वॉज फाउंडेड असं लिहा. फाउंड लिहिलं तर गट कुठंतरी हरवला होता आणि सापडला असा अर्थ होतो.

आता म्हणाल, लेकरांचं ठीक, आमचं काय? तुमच्या हातातल्या फोनमध्ये हीच रूपं रोज येतात. पेड, सेंट, विथड्रॉन. विथड्रॉ म्हणजे काढणं, विथड्रॉन म्हणजे काढले गेले. खात्यातून पैसे काढल्याचा संदेश आला, त्यात विथड्रॉन आहे आणि तुम्ही काढलेले नाहीत, तर काम होऊन गेलेलं आहे. त्याच क्षणी बँकेला कळवायचं आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. विल बी असेल तर अजून व्हायचं आहे. हॅज बीन असेल तर झालेलं आहे. एवढा फरक कळला तरी अर्धी घबराट जाते.

आमच्या गटातल्या एकीनं हप्ता वेळेवर भरला होता. दोन दिवसांनी आठवणीचा संदेश आला, इंग्रजीत. त्यात मोठा आकडा आणि शेवटची तारीख. तिनं घरात कोणाला न सांगता शेजारणीकडून पैसे उसने घेतले, पुन्हा भरायला निघाली. वाटेत मला भेटली म्हणून बरं. त्या संदेशाच्या शेवटी एक ओळ होती: इफ ऑलरेडी पेड, प्लीज इग्नोर. आधीच भरले असतील तर दुर्लक्ष करा. ऑलरेडी पेड. पेचं पेड, जे ती पंचसूत्रीत म्हणायला शिकली होती, पण फोनवर इंग्रजी लिपीत दिसल्यावर तिला ओळखू आलं नाही. म्हणून तोंडानं म्हणता आलं की ते लिहिलेलं कसं दिसतं हेही पोरीकडून एकदा काढून घ्या. वहीच्या मागच्या पानावर दहा शब्द पुरेत.

आणि 'यू हॅव वन' असा संदेश आला, की तुम्ही पंचवीस लाख जिंकलात, तर विनचं वन तुम्हाला आता कळतं. रूप बरोबर असतं, माणूस खोटा असतो.

सराव कसा करायचा ते सांगून थांबते. गटाचं इतिवृत्त लिहून झालं की त्यातली दोन वाक्यं इंग्रजीत तोंडी म्हणा, हो, नाही आणि का अशा तिन्ही प्रकारे. घरी रात्री लेकीला सांगा, तू आज शाळेत काय केलंस ते तीन वाक्यांत इंग्रजीत सांग. ती 'आय ईटेड' म्हणाली तर ओरडू नका, हसू नका, नुसतं बरोबर रूप घालून परत विचारा: ओ, यू एट भात? व्हॉट एल्स डिड यू ईट? लहान लेकराचं 'करलं' आपण असंच सुधारलं. त्याला कधी कोणी तक्ता दिला नव्हता. ते म्हणालं, मी करलं, आपण म्हटलं, हो का, माझ्या राजानं केलं का! आणि झालं. तिला येत असेल आणि तुम्हाला येत नसेल, तर तिच्याकडून शिका, पण एक अट घाला, तिनं मराठीत कारण सांगायचं. डिड नॉट गो का, वेन्ट का नाही? कारण सांगताना तिचंही पक्कं होतं. आणि तिला सांगता आलं नाही, तर हंड्याची गोष्ट तुम्ही तिला सांगा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं कालच्या दिवसाची तीन वाक्यं तयार करून आणायची आहेत, एक हो चं, एक नाही चं, एक प्रश्नाचं. सचिवांनी हजेरी घेताना तीही ऐकून घ्यावी. तुमच्या गटात कोणता शब्द जास्त अडला ते आमच्याकडे कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.